शटराखालून भरलेली घरपट्टी

आमच्या गावात सकाळी देवाचं नाव घेण्याआधी माणसं माझं नाव घ्यायची. देवाचं हात जोडून, माझं बादली आपटून. मी ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा. घरात ठेवलेलं नाव बाबली, पण चावी हातात आल्यापासून निवृत्त होईपर्यंत माझं पूर्ण नाव "बाबल्या मेल्या" असंच होतं.

शाळेत मी गेलो तो तिथल्या टाकीत पाणी आलं का बघायला. सही येते, पण तीही गंजलेल्या पाइपासारखी, कुठे वाकेल सांगता येत नाही. म्हणून हे मी सांगतोय आणि माझी मुलगी लिहितेय. ती मधे हसते तेव्हा मी थांबतो. त्यामुळे कुठे तुटक वाटलं तर दोष तिचा. बाकी सगळे दोष माझे, आणि ते पुढे येतीलच.

धंदा असा. खाली नदीकाठी विहीर, विहिरीवर पंप. पंप पाणी ढकलतो वर सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावरच्या, टाकीत. टाकीतून पाइप खाली उतरतात, एकेका वाडीला एकेक. प्रत्येक पाइपावर खड्ड्यात एक चाक असतं, त्याला आम्ही वॉल म्हणतो, आणि तो फिरवायला माझ्या खांद्याएवढी लोखंडी चावी. वरच्या वाडीला सकाळी, खालच्या वाडीला दुपारी, बाजारवाडीला संध्याकाळी. नळाला आधी हवा येते, मग गढूळ येतं, मग शिव्या येतात, आणि सगळ्यात शेवटी पाणी.

बाहेरच्या माणसाला वाटतं पाणी नळात असतं. पाणी नळात नसतं. ते टाकीत असतं, टाकीत ते पंपाने येतं, पंप विजेवर चालतो, आणि वीज बिलावर. बिल कशावर चालतं ते मला एका एप्रिल महिन्यात कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, ते सरकार भरतं, आपल्याला काय.

आता सरकार म्हणजे कोण? लोकांना वाटतं सरकार मुंबईत असतं. आमच्याकडे सरकार म्हणजे एक खोली, दोन कपाटं, एक पंखा आणि मी. पंखा बिघडला की नुसता मी. सरपंच होते, पण ते आंब्याच्या दिवसांत बागेत आणि भातलावणीत चिखलात. ग्रामसेविका होत्या, घाटावरच्या, आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. त्यांच्याकडे तीन गावं. त्या आल्या की सरकार पूर्ण व्हायचं. बाकीचे दिवस मीच पाणी सोडायचो, मीच झाडायचो, मीच नोटिसा चिकटवायचो, न वाचता, आणि मीच घरोघर फिरून घरपट्टी-पाणीपट्टी आणायचो. पावती मॅडमनी आधीच लिहिलेली असायची, मी फक्त फाडायचो. फाडण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

वरून येणारं अनुदान तालुक्याच्या मोठ्या बँकेत यायचं. पण गावातून गोळा झालेले पैसे आम्ही बाजारातल्या सहकारी बँकेत ठेवायचो. कारण ती जवळ होती, व्याज जरा जास्त द्यायची, आणि तिसरं कारण मी मॅडमना कधी सांगितलं नाही. तिथे मला खुर्ची मिळायची.

पंख्याखाली.

मॅनेजर लांबूनच म्हणायचे, "या बाबलीशेठ." कॅशियर गजा चहा सांगायचा. बादली आपटून ज्याचं नाव घेतात त्याला कोणी शेठ म्हटलं तर त्याचं काय होतं, ते मी माझ्यावरून सांगतो. तो त्या बँकेचा जावई होतो. मी गावभर त्या बँकेचं गाणं गायला लागलो. वॉल फिरवता फिरवता माणसांना खाती उघडायला सांगायचो. माझ्या शब्दावर अर्ध्या गावाने पैसे ठेवले. आणि सगळ्यात वाईट म्हणजे इंदूकाकीने ठेवले.

इंदूकाकी वरच्या वाडीत एकटीच राहते. नवरा फार वर्षांपूर्वी गेला, मुलगी लग्न होऊन जामसंड्याला. काकीकडे काजूची थोडी झाडं, एक म्हैस आणि एक जीभ. झाडं आणि म्हैस थकली, जीभ थकली नाही. घराचे वासे कुसले, म्हणजे कुजले होते, ते बदलायचे म्हणून तिने काजू विकून विकून पैसे साठवलेले, तांदळाच्या डब्यात.

मी तिला किड्यांची भीती घातली. म्हटलं, "काकी, पैसे तांदळात ठेवलंस तर टोके लागतले."

"पैशांक टोके लागणत नाय रे."

"मगे चोर लागतलो."

"माझ्या घरात चोर इलो तर तोच दोन रुपये ठेवन जायत."

मग मी माझं शेवटचं हत्यार काढलं. "काकी, थय माका खुर्ची देतत. पंख्याखाली."

काकीने तांदळाच्या डब्याकडे बघितलं. बाबल्याला खुर्ची देणारी माणसं म्हणजे देवमाणसंच असणार, असं तिला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी तांदूळ झटकून नोटा पिशवीत घातल्या आणि माझ्या मागोमाग बँकेत आली. पहिल्या दोन नोटांतून गजाच्या टेबलावर तांदळाचे दाणे पडले.

पुढे मार्च आला. मार्चअखेर म्हणजे वसुली. त्या वर्षी मी वसुलीचा विक्रम केला. भांडणं लावून केला, म्हणजे वरच्या वाडीला सांगायचो खालच्या वाडीने भरली, खालच्या वाडीला सांगायचो वरच्या वाडीने. त्या पैशांत पंपाचं विजेचं बिल होतं, शाळेच्या छपराची दुरुस्ती होती, माझा दोन महिन्यांचा पगार होता.

शेवटची पिशवी घेऊन मी धावत बँकेत गेलो तर शटर अर्ध्यावर आलेलं. गजा आतून म्हणाला, "बाबल्या, उद्या ये. कॅश बंद झाली."

त्याचा चेहरा त्या दिवशी जरा वेगळाच होता. पण मला चेहरेही वाचता येत नाहीत.

"उद्या नाय, आज. मॅडमांका मी शब्द दिलंय."

"अरे उद्या ये म्हणतंय मा. आयक."

मी ऐकतोय कसला. मी पोटावर झोपलो आणि शटराखालून आत सरकलो. शर्ट पाठीवर फाटला. गजाने माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि गुपचूप पैसे मोजून घेतले. त्या दिवशी चहा सांगितला नाही. मी फाटक्या शर्टाने गावभर मिरवलो. विचारणाऱ्याला सांगायचो, "सरकारी कामात फाटलो."

दुसऱ्या दिवशी बँक उघडलीच नाही. शटरावर एक कागद चिकटवलेला. माणसं जमली होती. मी बँकेचा जावई, म्हणून सगळ्यांनी मलाच विचारलं, "बाबल्या, काय लिवला हा रे?" आता एवढ्या लोकांत वाचता येत नाही म्हणून कसं सांगू? मी कागदासमोर उभा राहिलो, मान दोनदा हलवली आणि म्हटलं, "रंगकाम. दोन दिवस बंद."

आणि माणसं घरी गेली हो. ज्यांना वाचता येत होतं तीही गेली, कारण त्यांनी कागद बघितलाच नाही. बाबलीने बघितला म्हणजे झालं.

दुपारी मॅडम आल्या. कागद वाचला आणि चष्मा काढला. मॅडमनी चष्मा काढला की वादळ येतं हे मला माहीत होतं.

"बाबली, तुम्ही वाचलं हे?"

"हो मॅडम. रंगकाम."

त्यांनी कागदावर बोट ठेवलं. हळूहळू, एकेक ओळ सांगितली. बँकेने कर्जं दिली ती बुडाली. आता वरून हुकूम आला, बँकेचे व्यवहार थांबवा. कोणत्याही खात्यातून ठरलेली थोडीशी रक्कम तेवढी काढता येईल.

मी म्हटलं, "ते माणसांचं झालं. पंचायतीचं काय? आपण सरकार."

"बँकेच्या लेखी आपण एक खातेदार, बाबली. तुमच्या इंदूकाकींसारखेच. त्यांना जेवढे मिळतील तेवढेच गावाला."

एवढं गाव, तीन वाड्या, रस्त्यावरचे दिवे, शाळा, अंगणवाडी, आणि किंमत एका काकीएवढी. मला वॉलशिवाय काही कळत नाही, म्हणून मी वॉलमध्ये विचारलं, "म्हणजे बाहेर जायचा वॉल बंद केला?"

"हो."

"मग टाकीत पाणी आहे की नाही?"

"तेच कोणाला नीट माहीत नाही," मॅडम म्हणाल्या.

मग माझ्या फाटक्या शर्टाकडे त्यांचं लक्ष गेलं. "शेवटचा भरणा काल केलात ना तुम्ही? किती वाजता?"

मी वेळ सांगितली. शटराचंही सांगितलं. एक दिवस उशीर केला असता तर बिलापुरते पैसे माझ्या पिशवीत राहिले असते. सगळा जन्म मी उशिरा पाणी सोडलं म्हणून शिव्या खाल्ल्या. वेळेवर गेलो तो असा.

दहा-बारा दिवसांत वीजवाले आले. बिचारे ओळखीचे होते, पण बिल थकलेलं होतं आणि पंचायतीचा चेक परत आलेला. त्यांनी पंपाची जोडणी तोडली. म्हणाले, "निदान अर्धं भरा, त्याच दिवशी जोडून देतो." टाकीत तीन दिवसांचं पाणी होतं. मी ते पुरवून पुरवून पाच दिवस सोडलं. सहाव्या दिवशी नळाला फक्त हवा आली आणि तिच्या मागोमाग शिव्या.

विहिरी होत्या, पण एप्रिल संपत आला की बहुतेकांचा तळ दिसतो. तालुक्याला टँकर मागितला. आमच्यासारख्या दुसऱ्या पंचायतींचेही पैसे त्याच बँकेत, त्यांचेही पंप बंद. टँकर आठवड्यातून एकदा यायचा. आणि त्याचा खर्च ज्या पैशातून केला ते पैसे आमच्या वरच्या वाडीच्या पाखाडीसाठी, म्हणजे दगडी पायवाटेसाठी, ठेवलेले होते. म्हणजे ती पायवाट आम्ही पिऊन टाकली.

मी एकदा चिडून मॅडमना म्हटलं, "सरकाराला काय कमी? नोटा तर तेच छापतात."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बाबली, सरकारकडे स्वतःचं असं काही नसतं. तुम्ही घरोघर फिरून आणता तेच. बँक बसली की सरकारला तिन्ही बाजूंनी लागतं. ठेवलेले पैसे अडकतात. लोकांचेही अडकतात, म्हणून नवा कर येत नाही. आणि नेमका तेव्हाच खर्च वाढतो, टँकर द्या, मदत द्या. ही छोटी बँक आहे. मोठी असली तर ती उभी करायला सरकारच पैसे घालतं, त्यासाठी कर्ज काढतं, आणि ते फेडतो आपणच."

मी विचार केला. म्हटलं, "म्हणजे टाकी फुटली. पाणी गेलं. नळ कोरडा म्हणून लोक पाणीपट्टी देईनात. आणि टाकीला सिमेंट लावायला वर्गणी काढायची, ती त्याच लोकांकडून."

मॅडमनी चष्मा घातला. "हे मला परीक्षेत एवढं सोपं लिहिता आलं नव्हतं."

आयुष्यात मी एकाच परीक्षेत पास झालो, तीही तोंडी.

पण पास होऊन पंप चालत नाही. मॅडमनी तालुक्याच्या मोठ्या बँकेत नवीन खातं उघडलं. त्यात काही नव्हतं. मे महिन्यात मुंबईची माणसं येतील, घरं भरतील, त्याआधी निदान अर्धं बिल भरायला हवं. उपाय एकच, नव्या वर्षाची पट्टी आगाऊ मागायची. आणि मागायला जाणार कोण? ज्याने मागच्या वर्षीची पट्टी शटराखालून नेऊन घातली तोच.

पहिल्याच घरी ओटीवरून आवाज आला. "ये बाबल्या. ह्या वर्षाची खंय भरतलंस? शटराच्या वरसून की खालसून?"

दुसऱ्या घरची वहिनी म्हणाली, "पैसे आसत रे, पण बाबल्याच्या बँकेत आसत. जावन घेवन ये. तुका थय वळखतत."

बँकेचं खरं नाव लोक विसरले. ती आता बाबल्याची बँक झाली. तिसऱ्या घरात तर मला खुर्ची दिली, मुद्दाम, पंख्याखाली. पंखा बंद. मी बसलो, उठलो, निघालो. माझेही पैसे त्याच बँकेत अडकले होते, पण ते दुःख सांगायची मला सोय नव्हती.

संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी आलो तर बायको म्हणाली, "बरा झाला. गावभर फिरलंस आणि येक रुपयो नाय. नळाक हवा येता तेव्हा लोकांका कसा वाटता ता आता कळला."

एका घराकडे मी मुद्दाम फिरकलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी तेही टाळून पुढे चाललो होतो, तर मागून हाक आली.

"बाबल्या, माझा घर चुकवन खंय जातंस? माझी घरपट्टी कोण भरतलो, तुझो बापूस?"

मी आत गेलो. वर बघायची हिंमत नव्हती, कारण वर कुसलेले वासे होते. खाली बघत म्हटलं, "काकी, तुझे पैसे..."

"माझे पैसे बँकेत आसत. पळान खंय जातले, दार बंद आसा."

"आणि वासे?"

"वाशांका काय झाला? ते माझ्यापेक्षा घट आसत." घट म्हणजे मजबूत. खोटं बोलत होती. एका वाशातून भुसा खाली पडत होता, आमच्या दोघांच्या मधे. "घरपट्टी किती झाली?"

"तुझ्याकडे रोख खंय आसा काकी?"

"रोख नाय, काजू आसत. ते अजून माझ्याच घरात आसत, कारण तुझ्या नजरेक पडाक नाय."

तिने कोपऱ्यातलं पोतं ओढून माझ्यासमोर टाकलं. वर्षभराची तिची कमाई. मग खळ्यात, म्हणजे अंगणात जाऊन वरच्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पाणी पिवचा आसात तर काजू हाडा. हो बाबलो उभो आसा हय. पळाक देव नकात."

गंमत बघा. सगळ्यांचे पैसे बँकेत अडकलेले, पण काजू झाडावरून रोज पडत होते. त्यावर कोणाचा हुकूम चालत नव्हता. दोन दिवसांत पंचायतीच्या खोलीत एवढी पोती आली की सरकारला बसायला जागा उरली नाही. मॅडम दारातच थबकल्या.

"बाबली, हे काय?"

"घरपट्टी, मॅडम."

"पंचायत काजू घेऊ शकत नाही. नियमात काजू कुठेच बसत नाही."

"खोलीत तर बसले."

त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. शेवटी तोड काढली. काजू लोकांचेच. मी फक्त त्यांचा हमाल. मी ते विकायचे, रोख आणायची, आणि ज्याचे जेवढे त्याच्या नावाने तेवढी पावती. कागदोपत्री पंचायतीने काजू बघितलेच नाहीत.

आमच्या बाजारातला व्यापारी म्हणाला, "काजू एक नंबर. पण पैसे बाबल्याच्या बँकेत. चिठ्ठी देतंय." चिठ्ठीवर पंप चालत नाही. मग कळलं, इन्सुलीच्या बाजूला एक व्यापारी आहे, त्याची बँक दुसरी. तिथे न्यायला गाडी हवी. भाडं द्यायला पैसे नाहीत. मालवणहून मासळी घेऊन गोव्याकडे जाणारा एक टेम्पोवाला ओळखीचा होता. म्हणाला, "टाक मागे, फुकट नेतंय."

मी बांगड्यांच्या वर काजू टाकले. पंचायतीत एवढी वर्षं काढली, पण बर्फ वितळतो हे मला तिथे शिकवलं नव्हतं. व्यापाऱ्याने पोत्याला नाक लावलं आणि म्हणाला, "ह्ये काजू की सुके बांगडे?" दर पाडला. खालच्या पोत्यांना वास होता, वरच्या नाही, असं मी त्याला पटवत असतानाच माझा खरा घोटाळा झाला.

कोणाचं पोतं कोणतं हे कळावं म्हणून मी प्रत्येक पोत्याच्या तोंडाला सुंभाच्या गाठी मारल्या होत्या. काकीला एक गाठ, शेजारच्या घराला दोन, असं करत करत. अक्षर येत नाही त्याची ही आमची लिपी. पाण्याच्या पाळ्याही मी तशाच लक्षात ठेवायचो. गाठी माझ्या पक्क्या होत्या. फक्त एक गोष्ट लक्षात आली नव्हती, की पोतं उघडायचं तर गाठ सोडावी लागते. हमालांनी भराभर गाठी सोडल्या आणि सगळे काजू एका ढिगात ओतले. वजन झालं ते सगळ्या गावाचं मिळून. माझ्या हातात रोख रक्कम आणि सुंभाचे तुकडे.

परतीच्या रस्त्याला मी टेम्पोत मासळीच्या रिकाम्या खोक्यावर बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, बाबल्या, बँक बुडवलीस, पाणी बंद केलंस, आता गावात मारामारी लाव.

दुसऱ्या दिवशी पंचायतीसमोर सगळे जमले. मी उभा राहून सांगितलं. गाठींचंही सांगितलं. मग काकी म्हणाली, "मेल्या, गाठ सोडल्याशिवाय पोता कसा उघडात?" आणि सगळं गाव हसलं. मीही हसलो, पण जरा उशिरा.

मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाने आपापले किलो सांगा. मी लिहिते. दुसरा मार्ग नाही."

मला धडकी भरली. आमच्या गावात माडाच्या एका झावळीवरून भाऊ भाऊ कोर्टात गेलेत. आता प्रत्येकजण दोन किलो वाढवून सांगणार आणि बेरीज ढिगाच्या वर जाणार. एकेक जण सांगत गेला, मॅडम लिहीत गेल्या. शेवटी बेरीज केली. पुन्हा केली. मग मला जवळ बोलावून विचारलं, "व्यापाऱ्याची वजनाची चिठ्ठी बरोबर आहे ना?"

"हो. का?"

"लोकांनी सांगितलेले किलो विकलेल्यापेक्षा कमी आहेत. बरेच कमी. हे जास्तीचे काजू कोणाचे?"

त्यांनी तेच मोठ्याने विचारलं. कोणी हात वर केला नाही. सगळे छपराकडे, पायांकडे, रस्त्यावरच्या कुत्र्याकडे बघायला लागले. आजतागायत कोणी कबूल झालं नाही. मॅडमनी शेवटी ती रक्कम "गावाकडून देणगी" अशी लिहिली. एवढं मात्र मी शपथेवर सांगतो, ते काजू माझे नव्हते. माझ्याकडे काजूचं एकच झाड होतं, ते मी पाइप टाकताना चुकून तोडलं होतं.

बांगड्यांनी दर पाडला होता, तरी त्या जास्तीच्या काजूंमुळे अर्धं बिल भागलं. ते मॅडमनी दुसऱ्या दिवशी भरलं. दुपारी वीजवाले आले, जोडणी झाली. मी पंप चालू केला आणि टाकीपाशी जाऊन कान लावून बसलो. पाणी वर चढल्याचा आवाज मी हजारदा ऐकलाय, पण त्या दिवशी तो घरात कोणी आजारातून उठून चालावं तसा वाटला. सकाळी वरच्या वाडीचा वॉल फिरवला. हवा आली, गढूळ आलं. शिव्या आल्या नाहीत. मला काळजी वाटायला लागली. मग एका परसातून आवाज आला, "बाबल्या मेल्या, नुसती माती सोडतंस काय?" तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

पण एक काम राहिलं होतं. काकीचे काजू घरपट्टीत गेले, पैसे बँकेत, आणि पाऊस तोंडावर. वासे बदलले नाहीत तर छप्पर खाली येणार. मी वाडीत सांगितलं. कोणी वासा दिला, कोणी बांबू, कोणी नुसते हात दिले. कौलं उतरवली, वासे बदलले, आणि कौलं परत बसवायला मी वर चढलो. नको चढू म्हणून चार माणसांनी सांगितलं. जन्मभर मी पाणी सोडायचं काम केलेलं, पाणी अडवायचं काम पहिल्यांदाच करत होतो. ते दिसलं. जूनमध्ये काकीचं सगळं घर कोरडं राहिलं, फक्त ओटीवर एका जागी गळायला लागलं. नेमकं तिथे, जिथे मी चहाला बसतो.

पुढे दोन वर्षांनी ती बँक एका मोठ्या बँकेने घेतली. पैसे हळूहळू मोकळे झाले. पंचायतीचेही झाले. पण शाळेच्या छपराचे पैसे त्यातच होते, त्यामुळे दोन पावसाळे पोरं देवळाच्या सभामंडपात शिकली. त्याबद्दल मला कोणी कधी बोललं नाही. बोलायला हवं होतं. पाणी उशिरा आलं की बादली आपटणारी माणसं यावर गप्प राहिली, ते मला अजून जड जातं. गजा कॅशियर मध्यंतरी भेटला. म्हणाला, "बाबल्या, त्या दिवशी माका आतल्या गोटातला कळला होता. पण तोंड उघडूची सोय नव्हती. म्हणान उद्या ये म्हटलंय." मी त्याला चहा सांगितला. एक चहा माझ्याकडे बाकी होता.

काकीला पैसे मिळाले तेव्हा मीच तिला नवीन बँकेत घेऊन गेलो. तिथे मला कोणी खुर्ची दिली नाही. मला फार बरं वाटलं. तिने त्या पैशांत सुतार आणून घर नीट करून घेतलं, आम्ही घातलेले वाकडे वासे काढले, सागाचे घातले, फुटकी कौलं बदलली.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. पंचायतीने शाल, श्रीफळ दिलं आणि चावी काढून घेतली. हात एवढा हलका झाला की चालताना तोल जायचा. त्याच पावसात काकीकडे गेलो, नेहमीच्या जागी बसलो, आणि दर पावसाळ्यासारखा टपकन डोक्यावर थेंब पडला. त्या दिवशी मात्र कामाची घाई नव्हती. वर बघितलं.

"काकी, सगळा घर नवा केलंस, आणि ह्या एक कौल ऱ्हवला."

"ऱ्हवला नाय. ठेवलंय."

"कित्याक?"

काकीने चहाचा कप पुढे सरकवला. "जन्मभर सगळ्या गावाक पाणी सोडलंस. तुका कोणी सोडूक नको?"

आता पाऊस असला की मी तिथे जातो. चहा अर्धा झाला की कपात दोन थेंब पडतात. मी कप बाजूला घेत नाही.